दोन्ही बाजू सारख्या करता करता

प्रश्न

घरात तिघांचे केस कापणाऱ्या एका वाचक बाईंचं हे पत्र. स्वतःचे खांद्यापर्यंतचे किंचित लहरी केस, नवऱ्याचे मशीनने आणि नऊ वर्षांच्या मुलीच्या कपाळावरची झुलपं, असा दोन वर्षांचा कारभार. गेल्या महिन्यात तिन्ही ठिकाणी बिनसलं. मुलीची झुलपं ओली करून, दोन बोटांत पिळून भुवईपाशी कापली. वाळल्यावर ती कपाळाच्या मध्यावर जाऊन बसली आणि आता मुलगी डोक्यावरची टोपी काढायला तयार नाही. नवऱ्याच्या कानामागे चट्टा पडला, शिवाय वरच्या आणि बाजूच्या केसांमध्ये पायरी दिसते. स्वतःच्या केसांची डावी बाजू उजवीशी जुळवता जुळवता चार बोटं केस गेले आणि मागे इंग्रजी व्ही तयार झाला. कात्री घरातलीच, सगळ्या कामांची. त्या लिहितात, "कापताना प्रत्येक वेळी अगदी बरोबर दिसत होतं. माझ्या हातालाच वळण नाही हे मान्य करावं का? की तीस नगांचा चांगला संच घेतला तर जमेल? मुलीचे केस दाट व्हावेत म्हणून मी ते वरचेवर कापते, आता तेही बंद करू का?"

उत्तर

नमस्कार.

हाताला दोष देण्याआधी तुमचंच एक वाक्य परत वाचा: कापताना प्रत्येक वेळी अगदी बरोबर दिसत होतं. म्हणजे कात्री जिथे चालवायची तुम्ही ठरवलीत, तिथेच ती चालली. हात चुकला नाही, केसच जागेवर नव्हते. ओला केस ताणलेला असतो, पिळलेली बट तिरपी आलेली असते, कानावरचे केस कानाने उचलून धरलेले असतात, मान खाली घातली की मानेची कातडी ताणलेली असते. कापताना केस जिथे दिसतो तिथे तो नंतर राहत नाही. घरच्या कापण्यातल्या बहुतेक फजित्यांचं मूळ एवढंच. केस कापायला शिकवणाऱ्या व्हिडिओत ते कळत नाही, कारण कापणाऱ्याला केस किती वर चढणार याचा अंदाज असतो आणि तेवढी सूट ठेवूनच तो कात्री लावतो. सूट ठेवली हे तो सांगत नाही इतकंच.

आधी मुलीकडे येऊ, कारण टोपी तिच्या डोक्यावर आहे.

तिच्या झुलपांवर एकाच वेळी तीन गोष्टी झाल्या. पाणी लागलं की केसातले काही नाजूक बंध तात्पुरते सुटतात आणि केस ताणता येतो. निरोगी ओला केस ओढला तर आपल्या लांबीच्या ३० टक्क्यांपर्यंत लांबू शकतो. तुम्ही बोटांत धरून ओढलात, म्हणजे तो लांबला. मग पिळलात. पिळताना कडेचे केस मध्याकडे यायला जास्त अंतर चालतात, मधले केस जागच्या जागी असतात. एका रेषेत कापल्यावर सोडलं की कडा लांब आणि मध्य आखूड होतो. तिसरी गोष्ट म्हणजे तुमची बोटं. बोटांच्या जाडीमुळे केस कपाळापासून पुढे उचलले गेले होते. सोडल्यावर ते कपाळाला टेकले आणि आणखी थोडे वर सरकले. दर वेळी थोडं थोडं, पण बेरीज तीन सेंटिमीटर.

शिवाय तुम्ही खूण म्हणून भुवई धरलीत. भुवई ही हलती खूण आहे. मूल कुतूहलाने वर बघतं, भुवया चढतात आणि तुमची रेषा त्यांच्याबरोबर चढते. खूण नाकाची धरावी, नाक कुठे जात नाही.

पुढच्या वेळी असं करा. केस धुऊन पूर्ण वाळवा आणि रोज जसे पडतात तसे पडू द्या. कंगवा आडवा, सपाट, कपाळाच्या वर डोक्यावर ठेवा. पुढच्या बाजूला एका ठिकाणी डोकं खाली वळतं आणि कंगवा त्याच्यापासून सुटतो. तो झुलपांच्या त्रिकोणाचा शेंडा, साधारण केसांच्या रेषेपासून दोन ते तीन बोटं मागे. त्रिकोणाची दोन टोकं दोन्ही भुवयांच्या बाहेरच्या कोपऱ्यांच्या वर. याच्या बाहेरचा एकही केस आत घेऊ नका. कानशिलावरचे केस चुकून आत आले की झुलपं रुंद दिसतात, आणि ते वाढवून परत बाजूच्या केसांत मिसळायला महिनोन्महिने जातात. बाकीचे सगळे केस मागे बांधा, चिमट्याने पक्के करा.

आता त्रिकोणातले केस नुसत्या कंगव्याने खाली विंचरा. बोटांत धरू नका. कंगवा नाकाच्या मध्याशी आणून तिथेच सैल धरा आणि त्याच्या खाली कापा. कात्री आडवी धरून एका झटक्यात कापायचं नाही. ती उभी, टोक वर करून, केसांच्या टोकांत अर्धा सेंटिमीटर शिरवायची आणि बारीक बारीक कातरायचं. आडव्या कापाची रेषा पट्टीने ओढल्यासारखी दिसते आणि त्यात एक मिलिमीटरची चूकही डोळ्यांत भरते. उभ्या कातरण्यात टोकं थोडी खालीवर राहतात आणि चुका लपतात. मधून सुरुवात करा, कडांकडे जाताना दोन-तीन मिलिमीटर लांब सोडत जा. मग थांबा. तिला डोकं जोरात हलवायला सांगा, केस कुठे बसतात ते बघा. नाकाच्या मध्यापासून भुवईपर्यंत यायला अशा तीन-चार फेऱ्या लागतील. लागू देत. ती कंटाळली तर उरलेलं उद्या. लांब राहिलेली झुलपं ही काही अडचण नसते.

सध्या जी आखूड झाली आहेत त्यांचं काय? केस महिन्याला सव्वा सेंटिमीटरच्या आतबाहेर वाढतात, म्हणजे तीन सेंटिमीटर भरून यायला अडीच ते तीन महिने. तोवर आखूड झुलपं सरळ खाली पाडण्याचा हट्ट सोडा. आंघोळीनंतर ती ओली असतानाच एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे विंचरत वाळवा, मग तिरपा भांग पाडून बाजूच्या लांब केसांत वळवा आणि छोटी पिन लावा. ताठ उभी राहत असतील तर पातळ हेअरबँड. आणि एक विनंती: या तीन महिन्यांत ती 'जरा नीट' करायला कात्री लावू नका. तिला मात्र स्पष्ट सांगून टाका की चूक मोजण्यात झाली आणि ती तुमची होती. नऊ वर्षांच्या मुलीला आपलं कपाळ किती दिसावं याबद्दल ठाम मत असतं, आणि ते कुणी विचारलेलं नसतं.

दाट होण्याचं म्हणाल तर वरचेवर कापल्याने केस दाट होत नाहीत, लवकरही वाढत नाहीत. केस वाढतो तो त्वचेखालच्या मुळाशी. बाहेरचा केस निर्जीव असतो, टोकाला काय झालं याची मुळाला खबर नसते. तासलेला केस जाड भासतो, कारण त्याचं निमुळतं टोक जाऊन तिथे सपाट काप आलेला असतो. कापण्याचा फायदा दुसरा आहे: फाटे फुटलेली टोकं गेली की फाटा वर चढायचा थांबतो, गुंता कमी होतो आणि टोकांना विरळपणा दिसत नाही. तेवढ्यासाठी दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे. फक्त झुलपांना तीन-चार आठवड्यांनी हात लावावा लागतो.

आता तुमचे स्वतःचे केस. पत्रात सगळ्यात जास्त वाईट तुम्हाला नवऱ्याच्या चट्ट्याचं वाटलेलं दिसतं, पण मला खरी गोम इथे दिसते. 'डावी बाजू उजवीशी जुळवता जुळवता.' दोन मांजरांना लोणी सारखं वाटून देणाऱ्या माकडाने लोण्याचं जे केलं, तेच.

दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असायलाच हव्यात, हे आधी तपासून बघू. तुमचे कान बहुधा एका पातळीत नसतील, कुणाचेच नसतात. एक खांदा किंचित उतरलेला असतो. भांग मध्ये नसेल तर एका बाजूला जास्त केस येतात आणि डोक्यावरून ओलांडून आल्यामुळे त्या बाजूचे वरचे थर आखूड दिसतात. भांग बदललात की फरकही बाजू बदलतो. लहरी केसांत तर अर्ध्या सेंटिमीटरचा फरक समोरच्याला दिसतच नाही; तो आरशापाशी एक इंचावर उभ्या असलेल्या माणसाला दिसतो. अर्धा सेंटिमीटर सोडून द्या. एक सेंटिमीटरच्या वर असेल तर एकदा दुरुस्त करा. फक्त लांब बाजू कमी करायची आणि तीही फरकाच्या निम्म्याने. मग केस धुवा, वाळवा, दोन दिवस जाऊ द्या. त्याच बैठकीत तिसऱ्यांदा कात्री उचलायची नाही.

तपासायची रीत सोपी आहे. दोन्ही बाजूंची, कानापुढची एकेक बट घ्या, दोन्ही सारख्याच सैल धरून हनुवटीखाली मध्यावर आणा आणि टोकं एकमेकांशेजारी बघा. आरशात डावी-उजवी खांद्यांवर बघून ठरवू नका. त्याला एक कारण आहे, आणि ते कापणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही: कात्रीचा हात वर गेला की त्या बाजूचा खांदाही वर जातो. तुमचे केस खांद्याला टेकणारे. वर आलेला खांदा त्यांना ढकलतो, ते दुमडतात, तुम्हाला ती बाजू आखूड वाटते, तुम्ही दुसरी कापता. हात खाली आला की चित्र उलटं.

मागचा व्ही कसा झाला हेही सांगता येईल, जरी तुम्ही पद्धत लिहिलेली नाही. केस मधून दुभागून दोन्ही खांद्यांवरून पुढे घेतलेत आणि समोर बघून सरळ कापलेत ना? मागच्या मध्यावरचा केस पुढे येताना मानेला आणि खांद्याला वळसा घालतो. त्या वळशाइतका तो लांब राहतो, परत मागे सोडला की मध्ये टोक. उलट, मानेपाशी पोनी बांधून ती सरळ छाटली तर मागचं आखूड आणि पुढचं लांब होतं, कारण आता वळसा पुढच्या केसांना पडतो. कपाळावर, शिंगासारखी पोनी बांधून टोक कापलं तर चेहऱ्याजवळचे सगळ्यात आखूड आणि मानेवरचे सगळ्यात लांब, म्हणजे लेयर्स. बट ज्या दिशेला ओढाल, त्याच्या उलट टोकाचा केस लांब राहतो. एवढं डोक्यात बसलं की कुठलाही व्हिडिओ सुरू झाल्यावर शेवट काय होणार हे तुम्ही आधी सांगाल.

मागची रेषा स्वतः कापायच्या फंदात पडू नका. आरशात आरसा बघून कात्री चालवताना हात उलट्या दिशेला जातो, तो सराव करून कमवायची गरज नाही. हे काम नवऱ्याला द्या, त्यांना जमेल. केस ओलसर हवेत, निथळणारे नकोत. तुम्ही ताठ उभ्या राहा, पाय जुळवून, नजर समोर. मान किंचित एका बाजूला कलली तरी रेषा तिरपी येते. त्यांनी वरचे केस चिमट्याने डोक्यावर अडकवावेत आणि मानेलगतचा फक्त एक थर खाली सोडावा, एवढा पातळ की पलीकडची कातडी दिसावी. तो सरळ खाली विंचरून, पाठीला टेकलेला असतानाच, मधून डावीकडे आणि मधून उजवीकडे कापावा. जास्तीत जास्त एक सेंटिमीटर. ही झाली मापाची रेषा. त्यावर पुढचा थर सोडायचा, खालची रेषा दिसेपर्यंत विंचरायचं, तिथेच कापायचं. केस उचलायचे नाहीत, हाताने मागे ओढायचे नाहीत. कानावरून येणारे केस कंगव्याने ताणू नयेत. कान त्यांना बाहेर ढकलत असतो. ताणून कापले की सोडल्यावर बरोब्बर कानाखाली खाच पडते.

फाटे मात्र तुमचे तुम्ही काढू शकता. वाळलेल्या केसांची बोटभर रुंद बट घ्या, हलकी पिळा. फाटलेली आणि तुटकी टोकं पिळातून बाहेर डोकावतील. तेवढीच, फाट्याच्या अर्धा सेंटिमीटर वर, कातरा. उजेड भरपूर हवा आणि घाई नको. लांबी जात नाही.

सध्याच्या व्हीचं टोक दोन बोटांपेक्षा जास्त लांब नसेल तर ते थरांच्या याच रीतीने सरळ करता येईल. जास्त असेल तर एकदा व्यावसायिकाकडून रेषा करून घ्या आणि पुढे घरी ती फक्त राखा. आखलेली रेषा राखणं सोपं असतं, नवी आखणं अवघड. तुम्ही दोन वर्षं दोन्ही एकाच दमात करताय.

नवऱ्याच्या केसांचा मामला मशीनचा आहे आणि मशीन कात्रीपेक्षा कमी माफ करतं. कानामागचा चट्टा जवळजवळ नेहमी गार्डमुळे, म्हणजे केसांची लांबी ठरवायला पात्यावर बसवतात त्या दातेरी टोपणामुळे, पडतो. गार्ड अर्धवट बसला की चालू मशीनच्या हादऱ्याने तो एका बाजूने उचकटतो आणि उघडं पातं टाळूला लागतं. दर वेळी गार्ड बसवताना 'टक' आवाज ऐकायचा आणि बोटाने मागे ओढून बघायचं. दुसरं कारण, कानामागच्या खोलगट भागात मशीन कलतं, गार्डचे दात टेकतात पण टाच हवेत राहते आणि काप बिघडतो. कान पुढे दुमडून धरा आणि त्या भागात मशीनच्या पात्याचा फक्त कोपरा वापरा, किंवा दाढीचा अरुंद ट्रिमर घ्या.

गार्डच्या नंबरांचं गणित असं: एक नंबर म्हणजे ३ मिलिमीटर, दोन म्हणजे ६, तीन म्हणजे साधारण १०, चार म्हणजे १३, सहा म्हणजे १९, आठ म्हणजे २५. दर नंबरला तीन मिलिमीटरच्या किंचित वर, म्हणजे एक अष्टमांश इंच. दाढीच्या ट्रिमरवर मात्र आकडे बहुधा थेट मिलिमीटरमध्ये असतात, तेव्हा तिथला ३ आणि मोठ्या मशीनचा तीन नंबर एकच समजून चालवू नका. हे आकडेही केसांच्या उलट दिशेने मशीन फिरवलं तरच खरे. केसांच्या दिशेने फिरवलं तर केस गार्डखाली झोपतात आणि लांब राहतात. मानेवर तर केस कुठे वर, कुठे आडवे उगवतात. म्हणून एकाच दिशेने मशीन नेलं की ठिपके ठिपके राहतात. आधी तळवा फिरवून बघा. जिकडे खरखर लागते ती उलट दिशा. त्याच वेळी तीळ, चामखीळ कुठे आहेत तेही हाताला कळतं. तिथे बोट ठेवून मशीन बाजूने न्या. फोड किंवा गोल खाजरे चट्टे असतील तर त्या दिवशी मशीन लावूच नका.

पायरीबद्दल. तुम्ही बहुधा बाजूला दोन नंबर लावलात, वर कात्री, आणि मधे काहीच नाही. सहा मिलिमीटरच्या शेजारी चार-पाच सेंटिमीटर आले तर पायरी दिसणारच. केस कोरडे आणि धुतलेले हवेत. तेलकट केस एकमेकांना चिकटून गार्डखालून निसटतात. सुरुवात नेहमी मोठ्या नंबरने. चार नंबर लावून मानेपासून आणि कानशिलापासून वर जा. कंगवा डोक्याच्या बाजूला उभा टेकवा. जिथे डोकं आत वळतं आणि कंगवा सुटतो, तिथे मशीनची हद्द संपते. त्या वळणाच्या दोन बोटं आधीपासूनच मशीन डोक्यापासून हळूहळू बाहेर काढायला लागा. विमान धावपट्टीवरून उठतं तसं, सरळ बाहेर, डोक्याच्या गोलाईबरोबर आत नाही. गोलाईबरोबर गेलात की डोक्यावर टोपी ठेवल्यासारखे केस राहतात. मग दोन नंबर, फक्त खालचे तीन-चार सेंटिमीटर, तिथेही वरच्या कडेला मशीन बाहेर काढत. दोघांच्या मध्ये जी रेघ दिसेल तिच्यावर तीन नंबर, छोट्या छोट्या खुरप्यासारख्या हालचालींनी. मशीनच्या बाजूला खटका असेल तर तो दोन नंबरांमधली लांबी देतो. रेघ हट्टी असेल तर तो उघडा, म्हणजे लांब कापणाऱ्या बाजूला, ठेवून दोन नंबर पुन्हा फिरवा. वरचे लांब केस आणि चार नंबर यांच्या मधली पायरी कंगव्यावर कात्रीने मोडते: कंगवा खालून वर सरकवायचा, दातांबाहेर येतील तेवढेच केस कापायचे, कंगवा कुठेही थांबवायचा नाही. थांबला की तिथे खाच.

टाळूवरच्या भोवऱ्याला स्वतंत्र वागणूक द्या. भोवऱ्यावरचे केस एक तर अगदी बारीक हवेत, नाही तर वजनाने खाली बसतील इतके लांब. मधल्या लांबीला ते काट्यासारखे उभे राहतात, आणि उभे राहतात म्हणून माणूस ते आणखी कापतो. आजूबाजूच्या केसांपेक्षा तिथे एक सेंटिमीटर जास्त ठेवा आणि विसरून जा.

मानेवरची शेवटची रेषा मान सरळ असताना आखा. मान खाली घातलेली असताना आखली तर ताणलेल्या कातडीवर आखली जाते; मान वर केल्यावर ती वेगळ्याच ठिकाणी आणि वेडीवाकडी दिसते. नैसर्गिक केसरेषेच्या वर चढून चौकोन कोरू नका. आठवड्यात खाली खुंट उगवतात आणि रेषा दुहेरी दिसते. केस फार कुरळे असतील तर तिथे वस्तऱ्याइतकं तासूही नका, वाढणारं टोक कातडीत वळून पुटकुळ्या येतात.

आताचा चट्टा? आजूबाजूचे केस त्याच्या मापाला आणायला जाऊ नका. दोन आठवड्यांत पाच-सहा मिलिमीटर येतील, दोन नंबरच्या केसांत तेवढ्याने तो मिसळून जाईल.

राहिला संच. तीस नग नकोत, पाच पुरेत. केसांची कात्री, साडेपाच ते सहा इंची, बारीक-जाड दोन्ही दातांचा कंगवा, चार चिमटे, पाण्याची फवारणीची बाटली, हातातला आरसा. मशीन तुमच्याकडे आहेच. यातली कात्री मात्र खरोखर बदला, कारण तिथे दोष हत्याराचाच आहे. सगळ्या कामांच्या कात्रीचं पातं जाड आणि बोथट. ते केस कापण्याआधी टोकाकडे ढकलतं. केस घसरत जातात आणि सरळ धरलेली कात्रीसुद्धा तिरपी रेषा देते. तुमच्या डाव्या-उजव्याच्या घोळात याचाही वाटा असणार. धार बघायची तर ओला टिश्यू पेपर कापून बघा: स्वच्छ कापला तर ठीक, पात्यांत दुमडला तर कात्री केसांच्या कामाची नाही. नवी कात्री आणल्यावर तिने केसांशिवाय दुसरं काही कापायचं नाही, पुड्यासुद्धा नाहीत. घरात हा नियम पाळला जाणार नाही असं वाटत असेल तर ती लपवून ठेवा. धरताना अंगठा एका कडीत, अनामिका दुसऱ्या; खालचं पातं स्थिर, फक्त अंगठा हलतो. दहा मिनिटं हवेत कापून बघा, त्याने जेवढा फरक पडतो तेवढा पंचवीस नगांनी पडत नाही.

संचातली दातेरी, केस विरळ करायची कात्री तुम्ही तर घेऊच नका. ती चूक लपवते असं वाटतं, पण मुळांजवळ चालवली तर आतले आखूड केस वाढताना वरच्या केसांना बाहेर ढकलतात आणि लहरी केस फुलारून येतात.

मशीनला दर वापरानंतर ब्रश मारा, ते चालू ठेवून दातांवर दोन-तीन थेंब मशीनचं तेल टाका आणि जास्तीचं पुसा. केसांना लावायचं तेल नको, ते चिकट होऊन पातं जाम करतं. पातं काढून परत बसवलंत तर हलणाऱ्या पात्याचे दात स्थिर पात्याच्या किंचित मागे आहेत ना ते उजेडात बघा. पुढे आले असतील तर ते मशीन कातडी कापेल. कापताना दर दहा मिनिटांनी मशीन बंद करून पातं मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, चटका लागला तर थांबा. कात्री, गार्ड, कंगवा धुऊन, वाळवून ठेवा. डोक्यात कुणाला बुरशीचा संसर्ग किंवा उवा असतील तर त्या काळात ही हत्यारं दुसऱ्याच्या डोक्याला नकोत.

नाद सोडू नका, कामं वाटून घ्या. झुलपं, फाटे, नवऱ्याचं मशीन आणि आखलेल्या रेषेची राखण घरी. लांबावरून एकदम बॉबकट, पहिल्यांदाच लेयर्स, कातडीपर्यंत बारीक होत जाणारा फेड, हे बाहेर. आणि कुठल्याही समारंभाच्या आदल्या दिवशी घरात कात्री काढायची नाही. आठ-दहा दिवस आधी कापा, म्हणजे चुकलंच तर केसांना आणि तुम्हाला वेळ मिळेल.

मुलीची झुलपं तीन महिन्यांनी भुवईखाली येतील. त्या दिवशी कात्री हातात घेण्याआधी तिलाच आरशासमोर बसवा आणि तिच्या बोटाने कुठपर्यंत हवीत ते दाखवू द्या. ती जिथे बोट ठेवेल त्याच्या एक बोट खाली कापा.